ज्याचं त्यानं सांगायचं

"चकली मऊ पडलीय या वर्षी."

बंद दाराआडून ही कुरकुर आली तेव्हा सुनयना स्टुलावर चहाचा कप ठेवायला वाकली होती. दार आणि तिचा कान यांत जेमतेम वीतभर अंतर. ती तशीच वाकून राहिली. कंबर नको म्हणत होती, पण अजून काही बोलला तर, म्हणून थांबली. नाही बोलला.

एरवी कुणी तिच्या चकलीला नाव ठेवलं असतं तर तिने पुढच्या दिवाळीपर्यंत ते विसरलं नसतं. आज मात्र भाऊबीजेच्या सकाळी आपल्यालाच कुणी ओवाळणी घातली असं तिला झालं. चकली मऊ पडली म्हणजे त्याने ती खाल्ली. 'या वर्षी' म्हणाला म्हणजे दिवाळी आहे हे ठाऊक आहे, आणि गेल्या वर्षीची कुरकुरीत होती हेही ध्यानात आहे. एवढ्याशा वाक्याला पिळून पिळून एवढं सगळं काढायची तिला आता सवयच जडली होती. लिंबाचं साल वाळेपर्यंत पिळावं तसं.

आतला तो तिचा मुलगा, कुलदीप. कोपरखैरण्याच्या त्यांच्या घरात एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि एक आतली खोली. त्या आतल्या खोलीत तो राहायचा, आणि राहायचा म्हणजे तिथून बाहेर यायचा नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी त्याच्या कंपनीने एकाच दुपारी पुष्कळ पोरांना घरी पाठवलं, त्यांत हाही होता. पण घरी त्याने सांगितलं नाही. बरेच दिवस इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा आणि वाशीच्या खाडीकडे जाऊन बसायचा. मग एका सोमवारी निघाला नाही. मंगळवारीही नाही. तेव्हापासून दार बंद. जेवण स्टुलावर ठेवायचं, रिकामं ताट स्टुलावरून उचलायचं.

घरात कुणी असलं की तो अंघोळीलासुद्धा बाहेर यायचा नाही. म्हणून सयाजी, तिचा नवरा, कंपनीच्या बसने तळोज्याला ड्युटीवर गेला की सुनयना पिशवी घ्यायची, "भाजी बघून येते" असं भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची आणि खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायची. उन्हातान्हात बसायची. वॉचमनला वाटायचं, या बाईंचं घरात कुणाशी पटत नसावं. परत आली की बाथरूमची फरशी ओली असायची आणि ताट घासून पालथं घातलेलं. ताट मात्र लख्ख घासायचा. कुठल्या सासूला अशी सून मिळाली नसती, असं ती एकदा स्वतःशीच हसून म्हणाली होती, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली होती.

उपाय करून झाले होते. मुलगी ज्ञानेश्वरी, जी लग्न होऊन सानपाड्याला राहते, तिने एका समुपदेशक बाईंना आणलं होतं. त्या हॉलमध्ये बसल्या, दाराशी अर्धा तास गोड बोलल्या, चहा घेतला आणि त्याची तयारी असली तरच पुढे जाता येईल म्हणाल्या. सयाजीने कुणाच्या तरी सांगण्यावरून उंबऱ्याला लिंबू बांधलं. ते वाळून काळं झालं. कुणी काढलं नाही, कारण काढायचं म्हणजे त्यावर बोलायचं. आणि बोलायचं नाही हे तर त्या घरात न ठरवताच ठरलेलं होतं.

नेमकी त्यातच दर भाऊबीजेची अडचण. आज त्यांच्याकडे 'सांगणं' असायचं.

सांगणं सुरू केलं सयाजीच्या वडिलांनी. ते वाशीच्या मार्केटात माथाडी. दिवाळीत कांद्याच्या गाड्या एकामागून एक लागायच्या, साताऱ्याकडे जायला फुरसत मिळायची नाही. लिहिता येत नव्हतं. मग एका गाळेवाल्याचा टेपरेकॉर्डर मागून आणून घरच्या सगळ्यांना त्यापुढे बसवायचे, आणि वर्षभरात कामाचं काय झालं, कोण कुठं फिरून आलं, पुढं काय करायचं ठरतंय, ते प्रत्येकाने बोलायचं. ती कॅसेट कांद्याच्याच परतीच्या गाडीतून गावी जायची आणि ओसरीवर सगळी आळी गोळा होऊन ऐकायची. त्या टेपरेकॉर्डरचं मागं न्यायचं बटण मोडलेलं होतं, म्हणून नियम पडला की बोललेलं पुसायचं नाही. आणि दुसरा नियम म्हाताऱ्याचा स्वतःचा, की ज्याचं त्याने सांगायचं, दुसऱ्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही. सूट एकालाच. अंगावरच्या पोराचं आईने सांगायचं.

म्हातारा गेला, कॅसेट गेली, आता फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात. पण गावी सयाजीची थोरली बहीण राहीबाई अजून तसंच ओसरीवर माणसं बसवून ते मोठ्याने लावते, आणि नियम तिच्याइतके कुणाच्या लक्षात नाहीत.

पहिल्या वर्षी सुनयनाने सांगितलं, कुलदीप फोनवर मीटिंगमध्ये आहे, त्याचं मीच सांगते, बरं चाललंय, घरूनच काम असतं. गेल्या वर्षी तिने त्याला बंगलोरला पाठवलं. नुसतं पाठवलं नाही, हॉटेलात उतरवलं, सकाळी फुकट नाश्ता दिला, इडली आपल्याकडच्यापेक्षा मऊ असते असंही त्याच्या तोंडून वदवलं. खोटं बोलायला बसलं की माणूस उगाच खर्च वाढवतो. ते ऐकून राहीबाईचा फोन आला होता. हसत हसतच म्हणाली, "सुनयना, पोरगं अजून अंगावर पितंय का गं?"

ओसरीवर सगळे हसले असतील. सुनयनाही हसली होती.

या वर्षी मात्र राहीबाईने आधीच बजावलं होतं की कुलदीपचा आवाज आला पाहिजे, नाहीतर तुळशीचं लग्न उरकून ती स्वतः येईल आणि कान धरून त्याला बोलायला लावेल. बोलणं थट्टेचं होतं, पण राहीबाई थट्टेत म्हटलेलंही करणारी बाई. शिवाय येत्या मार्चला सयाजी रिटायर होणार होता. गावच्या घरात त्या दोघांसाठी तिने खोली रंगवून ठेवली होती, मोरी नवी करून घेतली होती.

रिटायरमेंटचं नाव निघालं की शेजारणी म्हणायच्या, आता काय, आराम. सुनयना मनातल्या मनात हिशेब घालायची. सयाजी दिवसभर घरात बसणार म्हणजे घर रिकामं कधी होणार? पोराने अंघोळ कधी करायची? आणि गावी जायचं तर स्टुलावर ताट कुणी ठेवायचं? हे ती सयाजीला विचारू शकत नव्हती. सयाजी तिला विचारू शकत नव्हता. दोघं रात्री हॉलमध्ये शेजारी झोपायची आणि गावच्या मोरीला फरशी कुठली बसवली यावर बोलायची.

गेले पंधरा दिवस ती दाराला तोंड लावून सांगत होती, बाळा, एकच वाक्य बोल. बरं चाललंय एवढंच. नाव नको, गाव नको. आतून उत्तर आलं नव्हतं. आज चकलीवरची कुरकुर ऐकून तिची आशा उगाच वर आली होती.

ज्ञानेश्वरी दुपारी आली. तिने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि काही न विचारता तबक घेतलं. गेल्या वर्षीसारखंच तिने बंद दाराला ओवाळलं. कुंकू दाराला लावावं की नाही यावर जरा घुटमळली, मग स्टुलाच्या कडेला लावलं. दाराच्या फटीतून एक पाकीट सरकत बाहेर आलं. त्यात ओवाळणी होती, बापानेच दिलेल्या पैशांतली. ज्ञानेश्वरी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ पातेल्यांचा आवाज करत राहिली.

जेवणं झाल्यावर सांगण्याला बसले. फराळाच्या डब्याला टेकवून सयाजीने फोन उभा केला, लाल टिपका लावला. रोज मुंबईची मराठी बोलणारा हा माणूस फोनपुढे बसला की गावचा व्हायचा.

"आक्का, मी सयाजी. बरा हाय. कंपनीत समदं ठीक. मार्चात सुटलो. लोक म्हणत्यात, निरोप समारंभाला शाल देनार. मला शाल नगं, पर देत्यात तर घिऊ. मोरीचं चांगलं केलंस." मग त्याने घसा साफ केला. "मार्चानंतर आमी दोघं येतो गावाला."

दोघं.

शब्द हॉलमध्ये पडला आणि कुणी उचलला नाही. दरवर्षी तो नुसतं 'आमी' म्हणायचा, त्यात सगळं झाकून जायचं. सुनयनाने दाराकडे पाहिलं. दाराखाली उजेडाची एक पट्टी असायची, आणि तिच्यात आता दोन पायांची सावली होती. तो आत दाराशी येऊन उभा होता.

ज्ञानेश्वरीने घाईने फोन स्वतःकडे वळवला. तिने बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीचं सांगितलं, केरळला जाऊन आल्याचं सांगितलं, होडीत रात्रभर झोप लागली नाही म्हणाली. एरवी ती ही गोष्ट रंगवून सांगते. आज परवचा म्हणावा तशी म्हणून टाकली.

मग सुनयनाची पाळी. तिने गुडघ्यांचं सांगितलं, ब्लाउजांच्या शिलाईचं सांगितलं, या वर्षी चकली मऊ पडली तेही सांगितलं. आणि न थांबता, श्वास तोच ठेवून, "आणि वन्सं, कुलदीपचं म्हणाल तर" असं सुरू केलं. त्याला या वर्षी बढती मिळाली. परत बंगलोर झालं, हैदराबाद झालं. तिथे मोठा तलाव आहे म्हणे, मध्ये पुतळा आहे. मोबाईलवर बघून ठेवलेलं सगळं ती बोलत गेली. हे म्हणाले दोघं, पण चुकून म्हणाले, आम्ही सगळेच येऊ, त्याला काय, लॅपटॉप गावीसुद्धा चालतो.

बोलता बोलता तिचं लक्ष सयाजीकडे गेलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. आपल्या हाताकडे बघत होता. कंपनीतल्या अॅसिडाने सालपटं निघालेले ते हात त्याने मांडीवर असे ठेवले होते, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत आणि परत करायचे असावेत. हा माणूस आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर उठला, आणि आता भोंगा बंद होणार म्हणून इतका घाबरलाय, हे तिला त्या क्षणी दिसलं. वाक्य तोंडातच राहिलं.

सयाजी उठला. डब्याला टेकवलेला फोन त्याने उचलला. लाल टिपका चालूच होता. तो दारापर्यंत गेला आणि जिथे रोज ताट ठेवतात तिथे, कुंकवाच्या बोटाशेजारी, त्याने फोन ठेवला.

"अंगावरचं पोर न्हाई तू," तो हळू आवाजात म्हणाला. रागाने नाही. "ज्याचं त्यानं सांगायचं."

आणि परत येऊन बसला.

सुनयनाच्या मनात आलं, उठावं, फोन उचलावा, बंद करावा. पुसून टाकता येतं आता, बटण मोडलेलं नाही. पण ती उठली नाही. ज्ञानेश्वरीने तिचा हात घट्ट धरला होता, अडवायला की आधाराला ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. खाली पोरांनी लवंगी माळ लावली, ती अर्ध्यात विझली. सगळं त्या फोनमध्ये जात होतं. गावी ओसरीवर ऐकणाऱ्यांना वाटेल, सांगणं संपलं, फोन बंद करायचा राहून गेला.

दार उघडलं नाही. पण उजेडाच्या पट्टीतली सावली खाली बसली. आवाज आला तो जमिनीलगतून, फटीतून, आणि इतक्या दिवसांनी इतकी वाक्यं एकत्र आल्यामुळे सुरुवातीला घोगरा.

"आत्या, मी कुलदीप. आई सांगते ते मी काही केलं नाही. बंगलोरला गेलो नाही. हैदराबादला गेलो नाही. मला नोकरी नाही."

थांबला. सुनयनाला वाटलं, झालं. पुष्कळ झालं.

"आई रोज भाजीला जाते म्हणून सांगते आणि खाली बाकावर बसते. मी खिडकीतून बघतो. पिशवी रिकामीच असते. पावसात छत्री घेऊन बसते. मी अंघोळ करून घ्यावी म्हणून." आवाज तुटला, परत जुळला. "बाबांना गावी जायचंय. माझ्यामुळे अडलेत. सगळ्यांना वाटतं, मी रुसलोय. थोडं थांबलं की येईन बाहेर. मीपण तसंच समजत होतो. रोज सकाळी कडीला हात लावतो, आत्या. मी येत नाही असं नाही. मला येताच येत नाही."