जाळीतला बोळा

सात महिने ठकीनं आईबापाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. गेल्या आठवड्यापासून मात्र ती अगदी शहाण्यासारखी झोपायला लागली होती. दूध प्यायली की झोप, आंघोळ झाली की झोप. तिच्या आईला आधी खरंच वाटेना. मग तिनं ही गोष्ट कुणाला सांगायचीच नाही असं ठरवलं. बोललं की बिघडतं, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

याचं सगळं श्रेय नवरा स्वतःकडे घेत होता. थंडी पडली तसा स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या जाळीतून वारा आत यायचा, तो थेट पाळण्यावर. दोनच खोल्या, मधे दार नाही, पाळणा हलवून हलवणार तरी कुठे? मग एका सुट्टीच्या दिवशी त्यानं जुनी चादर फाडून तिचा बोळा केला, जाळीत कोंबला, वरून रुंद चिकटपट्टी मारली आणि हात झटकत म्हणाला, "घे. तुझ्या लेकीला आता वाऱ्याचा बापसुद्धा शिवणार नाही."

"वाऱ्याचा नको, तिचा शिवला तरी पुरे," ती म्हणाली. "अधूनमधून लंगोट बदलायला."

घरमालकीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. दोघं त्यांना मावशी म्हणायची आणि दोघंही त्यांना टरकून असायची. मावशींच्या भिंतीत खिळा मारला, तर पहिल्याच ठोक्याला त्या जिन्यात हजर. बोळ्याला हातोडी लागली नाही, म्हणून तो खपून गेला.

जाळीच्या वरच गॅसचा गिझर होता. नळ सोडला की भप्पकन पेटायचा. ठकीची आंघोळ, ठकीचे कपडे, दुधाच्या बाटल्या, दिवसभर तो चालूच. हल्ली त्याची ज्योत निळी राहिली नव्हती, पिवळी फडफडायची, आणि खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं. तिनं ते पाहिलं होतं. पण पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लक्ष द्यायचं तर बाईला दोन डोकी हवीत. तिला एकच होतं, आणि तेही आठवडाभर ठणकत होतं.

"जागरणं गं ती," आई फोनवर म्हणाली. "सात महिने अंगात मुरलीत, आता बाहेर पडतायत. ती झोपली की तूही पड."

ठकीला बागेत फिरवायला नेलं की आईचं डोकं उतरायचं. ठकी मात्र बागेत टक्क जागी व्हायची आणि भोकाड पसरायची. घरी आणलं की तासाभरात पुन्हा मान टाकायची. "हिला आपलं घरच लागतं," ती नवऱ्याला कौतुकानं सांगायची.

गिझर तपासायला माणूस येणार, हे मावशींनी कळवून ठेवलं होतं. तो दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. तो आत आला की बोळा बघणार, बोळा मावशींना कळणार, आणि मग खोल्या खाली करा म्हटलं तर कडेवर पोर घेऊन जायचं कुठे?

गुरुवारी तो तिसऱ्यांदा आला. सकाळपासून तिनं चादरी धुवायला काढल्या होत्या, गिझरला उसंत नव्हती. दारापर्यंत जातानाच तिचे पाय कापसाचे झाले होते. साखळी न काढता तिनं दार बोटभर उघडलं.

"ताई, गॅसवाला. आज परत पाठवलंत, तर इथंच दारात अंथरूण टाकतो बघा."

"बाळ झोपलंय."

"परवाही झोपलेलं होतं. गुणी आहे हो. आज केव्हापासून झोपलंय?"

"नऊपासून." अकरा वाजून गेले होते.

तो आणखी काही गमतीचं बोलणार होता. पण तेवढ्यात त्याच्या पट्ट्याला लावलेलं काडेपेटीएवढं यंत्र टीं टीं करायला लागलं. त्यानं खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"ताई, बाळ उचला. असेल तसं उचला आणि बाहेर या. आत्ता."

एक अनोळखी माणूस, दाराला साखळी, आणि तो म्हणतोय बाळ आण. तिच्या जड डोक्यात एवढंच शिरलं. तिनं दार लावून घेतलं.

"ताई," तो दाराबाहेरून ओरडून सांगत होता, "विषारी वायू आहे. त्याला वास नसतो, तुम्हाला कळायचं नाही. मी आत येत नाही, मला बाळ देऊ नका. तुम्ही घ्या, पण बाहेर या."

ती पाळण्यापाशी गेली, ती त्याचं ऐकून नव्हे, या गोंगाटानं ठकी उठली असेल म्हणून. ठकी उठली नव्हती. गाल छान गुलाबी दिसत होते. ओठांच्या कडेला दुधाचा ओघळ वाळला होता.

"ठके," ती म्हणाली.

तळपायाला गुदगुल्या केल्या. एरवी या पायाला बोट लागलं, तरी ती लाथ झाडायची. पाय तसाच राहिला. हात उचलून सोडला, तो चिंधीसारखा खाली पडला.

पोरीला छातीशी धरून ती निघाली. पाळण्यापासून दारापर्यंत सहा पावलं. तिसऱ्या पावलाला गुडघे वळले. उरलेलं अंतर ती एका हातानं सरपटत गेली. उठून कडी काढली, दार ओढलं, ते साखळीत अडकलं. तिनं पुन्हा ओढलं. साखळी कशी काढतात, हेच तिला आठवेना.

फटीत त्याचा एक डोळा दिसला. "दार आधी माझ्याकडे ढकला, पूर्ण लावा," तो आता अगदी हळू, शिकवल्यासारखं बोलत होता. "लावलंत? आता साखळी डावीकडे सरकवा. सरकव बाई, सरकव."

साखळी सुटली. त्यानं दोघींना धरून जिना उतरवला, अंगणात बसवलं, दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला आणि शर्टाची बाही नाकाशी धरून वर धावला. गॅस बंद केल्याचा, खिडक्या धाडधाड उघडल्याचा आवाज आला. मावशी बाहेर येऊन तोंडाला हात लावून उभ्या होत्या.

ती ठकीच्या नाकाशी गाल नेऊन बसली. श्वास होता. पण दोन श्वासांच्या मधे इतकी जागा होती, की प्रत्येक वेळी तिला वाटे, हा शेवटचा. सात महिने जिनं रडू नये म्हणून ही बाई जिवाचं रान करत होती, तिला ती हलवून हलवून सांगत होती, "रड गं. रड माझे आई."

ठकी रडली ती गाडीत, नळीतून प्राणवायू लागल्यावर, पाच-सहा मिनिटांनी. आधी मांजराच्या पिल्लाएवढं, मग हळूहळू तिच्या नेहमीच्या पट्टीत.

दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. नवरा तिच्या पायाशी बसून एकच वाक्य म्हणत होता, "मीच कोंबला." गॅसवाला भेटायला आला, तेव्हा नवऱ्यानं ते त्यालाही सांगितलं.

"जाळी बुजली की गिझरला हवा पुरत नाही, तरी जाळीत मी उशासुद्धा बघितल्यात," गॅसवाला म्हणाला. "पण धूर बाहेर नेणारा पाइपही कुजलाय. दरवर्षी बघायचा, तो तीन वर्षांत कुणी बघितला नाही. ते मावशींना सांगितलंय मी. नीट सांगितलंय."

मावशींनी पाइप बदलला, नवा गिझर भिंतीच्या बाहेर बसवला, आणि खोलीत तो वायू साठला की वाजणारा भोंगाही लावून घेतला. शनिवारी दुपारी तिघं परत आली. जिन्यात ती थांबली आणि ठकीला नवऱ्याच्या हातात दिलं.

"तू इथंच थांब. आधी मी जाते."

खिडक्या लावून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. जाळी उघडी होती, गार वारा पोटऱ्यांना लागत होता. तिनं गरम पाण्याचा नळ सोडला आणि वाहू दिला. मग घड्याळाकडे बघत ती स्वतःलाच तपासत बसली. डोकं दुखतंय का, पाय जड होतायत का. दहा मिनिटं झाली, वीस झाली. जिन्यातून ठकीचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

"येऊ का?" नवऱ्यानं विचारलं.

"नको."

"अगं, भूक लागलीय तिला."

"लागू दे," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ थांबा."