आणखी सांगा

बळीराम गुरुजींनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, वाक्य पुरं केलं. इंग्रजी अक्षरांत मराठी: मला झोप येत नाही.

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवं उत्तर उमटलं: झोप कधीपासून येत नाही?

"बघा!" शेजारी बसलेला चष्मेवाला तरुण खूश झाला. "विचार करतो की नाही माणसासारखा?"

भेस्तानच्या कामगार वस्तीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावरच्या माडीवर त्याने हा कॉम्प्युटर क्लास काढला होता. महापालिकेच्या मराठी शाळेत तो गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. सुट्टीत कामगारांच्या मुलांना गणित शिकवाल का, म्हणून घरी येऊन विचारून गेला, तेव्हा निवृत्तीनंतर चार वर्षांनी गुरुजींनी पुन्हा शर्टाला इस्त्री केली. वर्ग सोमवारी सुरू व्हायचा होता. पण दिवाळीपासून गुरुजींच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत होते आणि नावं गळून जात होती. हे त्यांनी बायकोला, इंदुबाईंनाही सांगितलं नव्हतं. कळलं तर हाताशी आलेला वर्ग जाईल. या मुलाचंही नाव गेलं होतं.

"आत कसं चालतं ते सांग," गुरुजी म्हणाले.

"सोपं आहे. तुमच्या वाक्यातला एक शब्द पकडतो आणि त्याचाच प्रश्न करून परत देतो. शब्द सापडला नाही, तर म्हणतो, आणखी सांगा. आमचे घरमालक बन्सीलालभाई तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगत बसले होते. जाताना म्हणाले, एवढं तर माझी बायकोही ऐकत नाही!"

"आणि समोर कोण बसलंय, ते त्याला कळतं?"

"कळायची गरजच पडत नाही, गुरुजी."

गुरुजींनी की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात आठेक वर्षांच्या मुलीचा हात धरून एक बाई जिना चढून आली. गुरुजींना पाहताच तिने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी! वळखं का माले?"

चेहरा ओळखीचा होता. कपाळावरची खोकही.

"अरे वा! ये, ये. घरी सगळे बरे?"

"बरे शेतस. सासूना गुडघा दुखस, तेवढंच."

"गुडघा कधीपासून दुखतो?"

ती सांगत राहिली. मग शहरात प्लेग आला त्या सालावर आली. स्टेशनात शहर सोडून पळणाऱ्यांची कशी झुंबड होती, गुरुजींनीच तिला या पोरीसकट खिडकीतून नंदुरबारच्या गाडीत कसं ढकललं, स्वतः कसे मागे राहिले.

"हं. मग?" गुरुजी म्हणाले. त्यांना गाडी आठवत नव्हती.

"आता नाव घ्या बरं मनं!"

"तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"जयश्री!" ती हसली आणि मुलीकडे वळली. "पाह्यं? गुरुजी कोणालेच विसरत नाहीत."

मुलीचं नाव नोंदवून दोघी खाली गेल्या. चष्मेवाला मात्र फॉर्मवर पेन टेकवून तसाच बसून होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"गुरुजी..." एवढंच म्हणाला.

काय रे, तब्येत बरी ना? हे शब्द गुरुजींच्या ओठांशी आपोआप आले. त्या शब्दांना कोणी बोलावलं नव्हतं. गुरुजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं. खाली लूम धडधडत होते, टेबलावरचा पाण्याचा पेला बारीक थरथरत होता.

"तू खिडकीजवळ बसायचास," शेवटी ते म्हणाले. "भागाकार भलतीकडूनच सुरू करायचास. उत्तर बरोबर यायचं. मी तुला फळ्याशी बोलावून विचारायचो, हे कसं केलंस? ते सगळं दिसतंय मला." ते थांबले. "तुझं नाव मला येत नाही."

चष्मेवाला खुर्ची मागे सारून उभा राहिला. हात शरीराला चिकटवून, हजेरीला उभं राहावं तसा.

"योगराज वाल्मिक सोनवणे."

गुरुजींनी ते नाव मनात फिरवून पाहिलं. कुठल्याही आठवणीला लागलं नाही.

"पुन्हा सांग."

चष्मेवाल्याने पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.