शिळं पेट्रोल

"काल तर मस्त चालली की," थोरला म्हणाला, आणि गाडीखाली आडव्या झालेल्या धाकट्याचा पाना जागच्या जागी थांबला.

टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपाची नळी सैल करताच नाकात शिरलेला तो वास कालच्या पेट्रोलचा नव्हता. आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा. त्याने पंप पान्याने ठोकून पाहिला, थोरल्याला किल्ली फिरवायला लावली. पंप ढिम्म. उघडला, तर आतला दट्ट्या पिवळ्या चिकट थरात पार रुतून बसलेला. पंचवीस वर्षं पंप उघडणाऱ्याला हे काय शिकवायचं? पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं तरच असं होतं, एका रात्रीत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वडिलांच्या मागे ही बत्तीस वर्षांची गाडी थोरल्याने ठेवून घेतली, ती एका बोलीवर. अर्धांगाच्या झटक्याने आईचा उजवा हात आखडला होता. तिला दर मंगळवारी व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं. पहिल्या सहा महिन्यांत व्यायाम झाला तर हात सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता सात होत आले होते. आज थोरल्याला सासरी जायचं होतं, म्हणून धाकट्याची आठवण झाली.

मंगळवार चुकत नाही ना, असं धाकट्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. चुकेल कसा, थोरला म्हणाला. दारात उभ्या वहिनीला नेमकं तेव्हाच गॅसवरचं दूध आठवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातही न पुसता तो आईच्या खोलीत शिरला.

आई खिडकीशी बसली होती. उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली.

"आई, खरं सांग. दादा नेतो तुला?"

"नेतो की. दर मंगळवारी."

"पेट्रोल सडलंय टाकीत. गाडी जागची हललेली नाही. कशाला पांघरूण घालतेस त्याच्यावर?"

आईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्यावरही घालतेच ना. शेजारीण विचारते, तेव्हा धाकटा दर रविवारी येऊन जातो, असं सांगते मी."

तो याआधी कधी आला होता? आई दवाखान्यातून घरी आली, त्या दिवशी. त्यानंतर आजच. त्याला लाज वाटली. तो तिच्यापुढे खाली बसला आणि तिची बोटं एकेक करून उलगडायला गेला. ती उलगडली नाहीत. आईच्या तोंडून नुसता 'स्स' असा आवाज आला, तेव्हा त्याने हात सोडला.

मग बाहेर येऊन त्याने टाकी रिकामी केली, दट्ट्या घासून साफ केला, नवं पेट्रोल घातलं. गाडी सुरू झाली. थोरला खूश झाला.

"काय झालं होतं रे?"

"कचरा अडकला होता जरासा," धाकटा म्हणाला आणि खाली मान घालून पाने पिशवीत भरू लागला.