माझ्या पोटातला नानांचा आवाज

हसू नका मित्रांनो. साडेतीन किलो वजनाचा, पाटासारखा जाड, बिजागरीला सुतळी बांधलेला हा काळा ठोकळा म्हणजे लॅपटॉपच आहे. १९९७ साली अख्ख्या सावद्यात माझ्यासारखा दुसरा नव्हता. लोक मला बघायला यायचे आणि हात पुसून मगच शिवायचे. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी फार फुशारलो होतो.

जळगावच्या एका पाइप कारखान्याने मला घेतलं आणि दीड वर्षात जुना ठरवून काढूनही टाकलं. तिथे नकाशे काढणाऱ्या लीलाधरने मला सावद्याला आपल्या घरी आणलं. त्याच्या आई बेबाबाई माझ्यावर विणलेला रुमाल टाकायच्या. वडील उखर्डू नाना केळीतले मोठे जाणकार, केळाच्या कडांची धार बघून घड पारखणारे. बागेतला घड कापणीला आला की नाही यावर दोघांचं जुंपलं की तिसरा माणूस नानांना बोलवायला यायचा. एवढं ज्ञान, पण मुलगा नोकरीवर. ऐकायला त्याला सवड नव्हती. एका रविवारी लीलाधर म्हणाला, "नाना, यात बोलून ठेवा. मी नंतर ऐकीन."

नाना माझ्यासमोर मांडी घालून सात मिनिटं बोलले. मी ते सगळं नीट साठवून घेतलं. लीलाधरने मात्र ते ऐकलं नाही. मार्च महिन्यात नाना बागेतच छातीत कळ येऊन गेले, आणि त्याचं 'नंतर' तसंच राहिलं.

त्या घरात एक रीत होती. दुखवट्यात घरातली बोलणारी वस्तू मुकी करायची, आणि जिने मुकी केली तिनेच गोड जेवणाच्या दिवशी ती पुन्हा बोलती करायची. बेबाबाईंनी रडत रडत रेडिओचं बटण फिरवलं, टीव्हीचं फिरवलं, आणि माझ्या उजव्या कुशीला आवाजाची छोटी दातेरी चकती आहे, तीही पार शेवटापर्यंत मागे फिरवली. आठवड्याभरात कुणाच्या तरी फ्लॉपीतून मला व्हायरसची बाधा झाली आणि मी सुरूच होईना. लीलाधरने मला जळगावला कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या अभिमनकडे पोचवलं. त्यामुळे गोड जेवणाच्या दिवशी रेडिओ बोलू लागला, टीव्ही बोलू लागला, पण मी घरीच नव्हतो.

अभिमन हुशार आणि चिवट. त्याने माझ्यावर लिनक्स नावाची नवी प्रणाली चढवली. नानांची फाईल शाबूत निघाली, तेव्हा लीलाधरने डोळे पुसले. पण आवाज येईना. माझं साउंड कार्ड लिनक्सला ओळखूच येत नव्हतं. अभिमन सॉफ्टवेअरचं एक पॅकेज टाकायला गेला की ते म्हणे, आधी अमुक आणा. अमुक आणलं की ते म्हणे, माझ्याआधी तमुक. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी दाखला मागतात ना, अगदी तसं. अठरा दिवस हे चाललं. शेवटी सगळी पॅकेजं एकमेकांशी बोलू लागली, कार्डही ओळखलं गेलं. पडद्यावर आवाजाच्या साऱ्या पट्ट्या शंभरावर नेऊन अभिमनने फाईल लावली.

आणि मित्रांनो, मी खरोखर बोलत होतो! नानांचे सात मिनिटांचे बोल मी त्या दुपारी तीनदा म्हटले. पण कुशीची चकती बंदच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एवढी शिकलेली दोन माणसं, पण माझ्या कुशीकडे कुणी पाहिलं नाही. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंडच बंद होतं.

"लीलाधरभाऊ, ही फाईलच बिघडलेली दिसते," अभिमन थकून म्हणाला. "आता सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू."

पुसून! माझा तर जीवच गेला. बेबाबाईंकडे नानांचा एकच फोटो होता, तोही परक्याचा कोट घालून काढलेला. आवाज तेवढा माझ्याकडे होता. लीलाधर म्हणाला, "आईला विचारल्याशिवाय नको." दोघे मला घेऊन सावद्याला आले.

बेबाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "याचा आवाज कोनी वाढोला का? सुतकात मीच तं बारीक केला व्हता." अभिमनने पुन्हा फाईल लावली. बेबाबाईंनी माझी चकती पुढे फिरवली.

"केयीची धार पाह्य, लीलाधर," नाना म्हणाले. "धार बोथट झाली म्हंजे घड भरला. घाई नको करू." लीलाधरने तोंडावर हात घेतला. नाना आणखी बोलले, मग खोकले. "लीलाधरची माय, पानी दे वं."

बेबाबाई अर्ध्या उठल्या आणि तशाच थबकल्या. पुढे सगळं शांत झालं. पुन्हा आवाज गेला असं वाटून अभिमनचा हात माझ्याकडे आला. बेबाबाईंनी तो धरला.

"थांब रे बापू. ते पानी पिऊ राह्यले."

खरंच, थोड्या वेळाने तांब्या खाली टेकल्याचा आवाज झाला आणि नाना पुन्हा केळीचं सांगू लागले.

मित्रांनो, आता माझी बॅटरी संपली आहे, पडद्यावर रेघा आल्या आहेत. मला जपा, असा हट्ट मी धरत नाही. यंत्रं जुनी होतातच. पण माझ्यातलं नानांचं बोलणं वेळेवर दुसरीकडे उतरवून घ्या. आणि उतरवताना, रिकामी जागा आहे असं समजून, ती मधली शांतता कापू नका.