गाळलेली ओळ

मी एक उशी बोलतेय. पण माझ्यावर कुणी डोकं टेकत नाही, गुडघे टेकतात.

माझा जन्म शिलाई मशीनच्या पायाशी झाला. आमच्या बाई लोकांचे कपडे शिवतात. उरलेल्या चिंध्या त्यांनी माझ्या पोटात ठासून भरल्या आणि वरून रंगीत तुकडे जोडून खोळ शिवली. अख्ख्या गल्लीचे कपडे पोटात असल्यावर चौकशीची खोड लागणारच की हो! त्यात गिऱ्हाइकं मापं देता देता घरचं सगळं सांगून जातात. मी ऐकते. काय करणार, खोलीच एक.

माझं काम मात्र सकाळचं. मशीन सुरू करण्याआधी बाई मला पलंगापाशी ठेवतात, गुडघे टेकतात आणि प्रभूने शिकवलेली, चर्चमध्ये सगळे म्हणतात ती प्रार्थना मोठ्याने म्हणतात. बारा वर्षांत मलाही ती पाठ झालीय. तिच्यात एक ओळ आहे, देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, अशी.

बाईंचे मिस्टर बस चालवायचे. त्यांचा एक डोळा आधीच गेला, तेव्हापासून ते घरीच. मग दुसराही धुरकटला, तेव्हा त्याचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी पट्टी निघणार होती. दिसेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

पट्टी बांधून ते घरी आले त्या दिवसापासून बाई ती ओळ गाळायला लागल्या. आधी वाटलं, विसरल्या असतील. पण छे! तिथे आल्या की त्यांचे गुडघे माझ्यात रुतायचे आणि त्या घाईघाईने पुढच्या ओळीवर उडी मारायच्या. मला तोंड नाही तेच बरं, नाहीतर दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं.

गुरुवारी सकाळी मिस्टर पलंगावरून म्हणाले, "अगं, मधली ओळ कुठे गेली?"

"कुठली? म्हटली की सगळी."

"माझे डोळे गेलेत, कान नाहीत."

बाईंना रडूच फुटलं. "अहो, त्याच्या इच्छेत तुमचं दिसणंच नसलं तर? माझ्या तोंडाने कशी परवानगी देऊ?"

"परवानगी? तो काय तुझी सही मागतोय?"

रडता रडता बाईंना हसू आलं.

"वळणावळणाच्या रस्त्यावर मी बस चालवायचो, तेव्हा तू मागे घोरत असायचीस. पुढचं वळण दिसायचं तुला?"

"घोरत नव्हते हं! आणि तुम्ही होता ना पुढे."

"झालं तर मग. भीती मलाही वाटते गं. उद्याचं वळण मलाही दिसत नाही. पण पुढे कोण बसलंय ते ठाऊक आहे." मग ते चाचपडत खाली उतरले. "सरक जरा."

माझ्यावर एक गुडघा त्यांचा, एक बाईंचा. शिवण उसवायची वेळ आली, पण मी हूं की चूं केलं नाही. बाईंनी ती ओळ म्हटली. मध्ये आवाज फाटला, थांबल्या, पण पुरी म्हटली. पट्टी निघायची वाट न बघता म्हटली.

शुक्रवारी पट्टी निघाली. दिसतं, पण वीतभर अंतरावरचं. बस कायमची सुटली. घरी येऊन मिस्टर पलंगावर बसले. मग मला उचलून त्यांनी डोळ्याजवळ धरलं.

"हा हिरवा तुकडा... अगं, हा तर माझ्या शर्टाचा!"

"बारा वर्षांनी दिसला एकदाचा," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता मिस्टर कपडा नाकाशी धरून बटणं लावून देतात. एखादं भलत्याच रंगाचं लागतं, मग बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

मी पार चपटी झालेय. परवा बाई म्हणाल्या, "हिच्यात नव्या चिंध्या भरायला हव्यात." नका हो बाई! दोघांच्या गुडघ्यांचे खड्डे बुजतील.

काही सकाळी त्या ओळीपाशी बाईंचा आवाज अजून अडतो. मिस्टर थांबतात. मीही थांबते. तुमचाही कुठे अडत असेल तर अडू द्या घटकाभर, पण उठून जाऊ नका. गुडघ्यांखाली मी आहेच. पुढे कोण बसलंय ते मिस्टरांनी सांगितलंच आहे.