सत्कारानंतरची तोडी

मैफलीच्या दिवशी सकाळी उठल्यापासून पहिला सा लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा आमच्या विमलबाईंचा नियम. फोन नाही, चिठ्ठी नाही, हातवारेसुद्धा नाहीत. बाई म्हणतात, बोलण्यातून मन सांडतं आणि सा रिकामा लागतो. दुसऱ्या कुणाला हे सोपं जात असेल. मला घरात, कंपनीत, बसस्टॉपवर सगळे जमदग्नी म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत.

त्या रविवारी पिंपरीतल्या एका सभागृहात माझं पहिलं एकटीचं गाणं होतं. अकरा वर्षं मी बाईंच्या मागे तंबोरा धरून बसले. आता कुठे पत्रिकेवर माझं नाव छापून आलं होतं. वेळ सकाळी साडेनऊ, तोडी, चाळीस मिनिटं. तोडी सकाळची, ती बाराच्या आत व्हायला हवी. वर्षभर मी दुसरं काही गायलेच नाही. पुनावळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे पाचला रियाझ करायचा आणि मग चाकणला जाणारी कंपनीची बस पकडायची. पडद्यापलीकडे माझे वडील झोपलेले असत. अप्पा निघोज्यात एका गोदामाच्या गेटवर वॉचमन आहेत. दुपारी एक ते रात्री नऊ, रविवारीसुद्धा. त्या दिवशी ते युनिफॉर्म घालूनच हॉलवर आले होते. त्यांना तोडी काय आणि वरातीतला बँड काय, सारखंच. पण लेक गाणार म्हणून आले, एवढं मला पुरे होतं.

नऊ वाजता मी स्टेजमागच्या खोलीत डोळे मिटून बसले. बाईंनी शिकवलं होतं तसं बंदिश मनात एकदा संथपणे म्हटली. मग शब्द सोडून दिले, मग ताल सोडला, आणि शेवटी नुसता कोमल गंधार धरून ठेवला. तो स्थिर झाला की सा आपोआप समोर दिसायला लागतो. खोटं नाही सांगत, साडेनऊला मला तो दिसत होता.

पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. पाहुण्यांशिवाय दीप लागणार नाही आणि दिव्याशिवाय गाणं सुरू होणार नाही. पाहुणे आले दहा चाळीसला. मग सत्कार सुरू झाले. माझ्या डोक्यावरच भिंतीला स्पीकर होता, त्यामुळे एकही चुकला नाही. पाहुण्यांचा सत्कार झाला. पाहुण्यांच्या धाकट्या भावाचा झाला. हॉलच्या मॅनेजरचा झाला. शाली ज्यांनी पुरवल्या त्यांचाही झाला, त्यांचीच शाल त्यांना घालून. अकरा शाली मोजल्या मी. खरी विलंबित लय ऐकायची तर आपल्याकडचा सत्कार ऐकावा. दर शालीला माझा गंधार निसटायचा, मी तो पुन्हा धरायचे, आणि निवेदक म्हणायचा, "यानंतर मी विनंती करतो..." माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आणि बोलायचं नाही!

अकरा चाळीसला आयोजकांपैकी जयदीप आत आला. पांढरा कुर्ता, छातीवर बिल्ला. अप्पा दारात उभे होते.

"ताई, वेळेचा जरा घोळ झालाय," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांत आटपा. तोडी थोडीशी करा, मग एखादा अभंग घ्या. पब्लिक जेवायला थांबलंय."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"ताई समजूतदार आहेत," जयदीप खूश होऊन म्हणाला आणि अप्पांकडे वळला. "काका, चालेल ना?"

अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "चालंल की साहेब. पंधरा मिन्टं लई झाली."

माझं डोकंच फिरलं.

"नाही चालणार!" मी म्हणाले. सकाळपासूनचा माझा पहिला शब्द तो. "चाळीस छापलीत, मी चाळीस गाणार. अभंग हवाय ना? तुमच्या निवेदकाला म्हणायला लावा. मघापासून त्याचाच गळा तापलाय."

जयदीप मागे सरला. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा सुटलेली जीभ माझ्याच्याने आवरत नाही. मी अप्पांवर घसरले. "आणि तुम्हाला कुणी विचारलं होतं? जन्मभर ज्याच्या त्याच्यापुढे मान हलवलीत. ती गेटवर हलवा, माझ्या गाण्यात नको!"

अप्पांनी हातातली टोपी उगाच झटकली. "बरं," एवढंच म्हणाले आणि जाऊन सहाव्या रांगेत कडेला बसले.

पावणेबाराला मी स्टेजवर बसले. सा लावला तो फुटला. फुटणारच, तो संताप अजून घशात होता. पहिली दहा मिनिटं वाईट झाली, ते मला कुणी सांगायला नको. पण तबल्यावर ज्योतीराम होता. त्याने ठेका इतका शांत ठेवला की हळूहळू माझा श्वास त्यावर येऊन बसला. बाराच्या सुमाराला गंधार लागला. जयदीप विंगेत उभा राहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता. मी डोळे मिटून घेतले.

बारा दहाला डोळे उघडले तर अप्पा उठत होते. मागच्यांना दिसावं म्हणून कमरेत वाकून, चपला हातात घेऊन ते दाराबाहेर गेले. विलंबित अजून संपायचं होतं. जा, मी मनात म्हटलं. तुम्हाला पंधराच मिनिटं लई होती ना, मग जा. त्याच तिरीमिरीत मी द्रुत सुरू केली, आणि चाळीस मिनिटं पुरी केली. हॉलमध्ये तीसएक माणसं उरली होती. त्यांनी टाळ्या मनापासून वाजवल्या.

खाली उतरले तर समोर विमलबाई. "सा फुटला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पुढचं चांगलं झालं. वडील गेले वाटतं? सकाळी मला विचारत होते, हिचं किती वाजेपर्यंत चालेल, एक वाजता गेटवर पोचायचंय, मधूनच उठायला नको. मी म्हटलं, सव्वादहाला मोकळे व्हाल."

मी मनात हिशेब केला. पावणेबाराला सुरुवात, पंधरा मिनिटं, म्हणजे बारा. बाराला निघाले असते तर अप्पा सगळं ऐकून वेळेत पोचले असते. म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं होतं. आणि मी चारचौघांत त्यांची लाज काढली होती.

तेवढ्यात जयदीप धावत आला. "ताई, तुमचा सत्कार राहिला की!" त्याच्या हातात शाल होती. ती त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. बाई शेजारी होत्या म्हणून नाही फेकली. तशीच बाहेर पडले आणि मिळेल ती बस, पुढे रिक्षा करत, मैफलीची साडी नेसून निघोज्याला पोचले.

अप्पा गेटवर ट्रकचे नंबर उतरवून घेत होते. मला बघून खुर्चीवरून उठले. वाटभर मी माफीची वाक्यं जुळवली होती. त्यांनी एकही बोलू दिलं नाही.

"दुरुत नीट झाली का गं?" ते म्हणाले. "ती वरनं खाली येनारी तान, तिसऱ्या येळंला अडकायची बघ तुझी. ती?"

ती तान कुठे अडकते हे बाई सोडल्या तर कुणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होते. वर्षभर रोज पहाटे पाचला पडद्यापलीकडे हा माणूस जागा होता.

"नाही अडकली, अप्पा."

"वरीसभर अडकली, आन आज मी न्हवतो तवा सुटली व्हय!" अप्पा हसले. मागे ट्रकने हॉर्न दिला, तसे ते गेट उघडायला गेले.