पुसलेल्या सहा ओळी

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मुलीने पाठवलेली मेल परत आली. खाली एकच ओळ होती: हा पत्ता सापडत नाही.

तिने अक्षर न् अक्षर तपासलं. पत्ता बरोबर होता. चार वर्षं दर बुधवारी आई सांगेल तो मजकूर टाइप करून ती याच पत्त्यावर भावाला पाठवत होती. एकाही मेलला उत्तर आलं नव्हतं. पण एकही परत आली नव्हती, आणि आई तेवढंच धरून बसली होती. "परत येत नाही म्हणजे पोचते," ती म्हणायची. "वाचत नसेल, पण घेतो तर आहे."

मुलगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. शेजारच्या बाईंना खिडकी सांभाळायला सांगून ती दोन गल्ल्या पलीकडे वडिलांच्या वर्कशॉपमध्ये गेली.

वडील पंप दुरुस्त करायचे. बाकावर एक उघडा पंप होता आणि त्याच्या शेजारी, तेलाचे डाग पडलेल्या फडक्यावर, लॅपटॉप.

"बाबा, दादाच्या डोमेनला हात लावलात?"

"लावला की. ये, बघ. तीन दिवस झटत होतो, आज उघडलं."

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता. मुलाने तो कॉलेजात असताना घेतला होता आणि घर सोडताना त्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवला होता. बहीण दर वर्षी त्याची मुदत वाढवायची, बाकी काही करायची नाही. वडिलांचा ब्लॉग फुकटातला. तोही मुलानेच काढून दिलेला, जुन्या पंपांच्या दुरुस्त्या लिहिण्यासाठी. त्याच्या पत्त्याला कंपनीचं लांबलचक नाव चिकटलेलं असायचं. आता त्याच ब्लॉगवर, वरच्या पट्टीत, फक्त मुलाचं नाव होतं.

"काय काय केलंत ते नीट सांगा."

"ब्लॉगवाल्यांनी लिहिलंय तसंच. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव टाकलं. मग डोमेनवाल्यांच्या पानावर दोन नव्या ओळी भरल्या."

"आणि जुन्या?"

"काढल्या."

"किती?"

"होत्या तेवढ्या. सहा. जुनं गॅस्केट खरवडल्याशिवाय नवं बसवतं का कोणी? गळेल ना."

"एकच काढायची होती, बाबा. त्यातल्या दोन मेलच्या होत्या. दादाची पत्रं कुठल्या पेटीत टाकायची, ते त्यात लिहिलेलं असतं."

वडिलांनी हात फडक्याला पुसले. "असतील की कुठेतरी. काढलेलं जातं कुठे?"

"कुठे जात नाही. पुसलं म्हणजे पुसलं."

पंप उघडताना ते प्रत्येक वॉशर काढलेल्या क्रमाने पत्र्याच्या झाकणात मांडत. चाळीस वर्षांत एकही हरवला नव्हता. या ओळी काढताना हातात काही आलंच नाही, म्हणून मांडून ठेवायचं सुचलं नाही.

मुलीने लॅपटॉप पुढे ओढला. ब्लॉगवर सगळ्यात वर नवी नोंद होती: 'जळालेली मोटर, चूक कोणाची.'

ती मोटर तिला ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी भावाने तिचं वाइंडिंग केलं, म्हणजे आत नवी तार गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी मोटर जळाली. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी असताना वडील म्हणाले होते, "याची नुसती कीबोर्डवर बोटं चालतात, हात चालत नाही." पुढच्या आठवड्यात तो घर सोडून दूर गेला. तिथून त्याची एकच मेल आली, एका शब्दाची: पोचलो.

नोंद नेहमीच्या दुरुस्त्यांसारखीच लिहिली होती. गेल्या महिन्यात फळी आवरताना तारेचा डबा सापडला. डब्यावरच्या आकड्यापेक्षा आतली तार बारीक निघाली. डब्यावरचं अक्षर माझं आहे. तार मीच काढून दिली होती. वाइंडिंग करणाऱ्याचा दोष नाही.

"हे मेलने का नाही पाठवलंत?"

"तुम्हा मायलेकींच्या पत्रात मी कशाला घुसू? आणि माझं नाव बघून उघडलीच नसती त्याने." वडील पंपाकडे बघत होते. "म्हटलं, माणूस कधीतरी स्वतःचं नाव टाकून बघतो. बघेल तेव्हा दिसेल."

साडेचारला त्यांनी डोमेनवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"जुन्या ओळी आमच्याकडे आहेत, सर," पलीकडची बाई म्हणाली. "पण खातं तुमच्या मुलाच्या नावावर आहे. त्यांची संमती लागेल. त्यांच्या नोंदवलेल्या मेलवर आम्ही विचारणा पाठवतो."

"कुठल्या मेलवर?"

तिने पत्ता वाचून दाखवला. तोच होता.

"अहो बाई, तीच तर बंद पडलीय."

"मग त्यांनाच फोन करायला सांगा ना, सर."

वडिलांनी फोन मुलीच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मुलीला वाट सापडली ती 'पोचलो'मध्ये. त्या मेलच्या पोटात, एरवी न दिसणाऱ्या मजकुरात, ती कुठल्या कंपनीच्या पेटीतून निघाली ते नाव होतं. त्या कंपनीच्या मदतीच्या पानावर दोन ओळी दिलेल्या होत्या. पाच चाळीसला तिने त्या भरल्या. वडिलांनी चष्मा लावून एकेक टिंब तिच्याबरोबर मोजलं.

"बसल्या?"

"बसल्या असाव्यात. पण पेटी अजून त्याच कंपनीत असेल तरच. मध्ये बदलली असेल तर आपल्याला कळायला मार्ग नाही."

घरी आईने दारातच विचारलं, "गेली का?"

मुलगी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "परत आली. माझ्यामुळे. मी तिकडची लाइन काढली."

आईने विचारलं, "कशाला?"

वडिलांनी नोंद वाचून दाखवली. डब्यावरच्या अक्षरापाशी त्यांनी लॅपटॉप मुलीकडे दिला. पुढचं मुलीने वाचलं.

"चार वर्षं लागली एवढं लिहायला," आई म्हणाली. मग मुलीकडे वळून, "आजची पुन्हा पाठव. आणि खाली हेही घाल. सगळं."

सहा वाजून पाच मिनिटांनी मेल पुन्हा गेली. बदल सगळीकडे पोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात, असं हेल्पलाइनने सांगितलं होतं. तोवर मेल पोचू शकते, परत येऊ शकते किंवा वाटेतच अडकू शकते.

गुरुवारी सकाळी मुलाच्या नावाचा पत्ता मुलीच्या फोनवर उघडत होता, आईच्या फोनवर नाही. वडील वर्कशॉपला गेले नव्हते. नोंदीखालचा वाचकांचा आकडा दोन होता. ते दोघं कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अकरा वाजता आईने तिसऱ्यांदा विचारलं, "परत आली का?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली.

तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी सतरा तास झाले होते.